आत्याला गाडी लागते

मला नोकरी लागली तेव्हा आत्याने सगळ्या सोसायटीत सांगितलं की भाची डिझाईनमध्ये आहे. ते खोटं नव्हतं. पण दुसऱ्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाई ब्लाऊजपीस घेऊन आल्या आणि पाठीला काय शोभेल ते विचारू लागल्या. मी ट्रकच्या प्रॉपेलर शाफ्टचं डिझाईन शिकते आहे, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे शिवणकाम नाहीच येत." मग ब्लाऊजपीस घडी करून घेऊन गेल्या.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातून इंजिनिअर होऊन आले होते आणि सदाशिव पेठेत आत्याकडे राहत होते. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, आणि स्वतःच्या घराबाहेरच्या जगाकडे थोड्या संशयाने बघणारी. रोज सकाळी कंपनीची बस मला टिळक रस्त्यावरून उचलायची आणि भोसरीला नेऊन सोडायची. तिथे आमचा कारखाना होता आणि कारखान्याच्या एका कोपऱ्यात, नकाशे छापायच्या यंत्रातल्या अमोनियाच्या वासाने भरलेला, आमचा डिझाईन विभाग.

विभागाचे साहेब पन्नाशीचे, अविवाहित, नारायण पेठेतले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर कापडात गुंडाळलेला एक जड लोखंडी तुकडा ठेवला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी युनिव्हर्सल जॉइंटची व्याख्या सांगितली. पुस्तकातली, जशीच्या तशी, एका दमात. साहेबांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकली.

"पाठांतर चांगलं आहे," ते म्हणाले. "आता हे काय आहे ते सांगा."

मी तो तुकडा उलटसुलट करून बघितला. मग त्यांनीच सांगितलं. ट्रकचा गिअरबॉक्स असतो पुढे आणि वर, मागचा अॅक्सल असतो मागे आणि खाली. शिवाय अॅक्सल खड्ड्यांबरोबर उड्या मारत असतो. एकाची ताकद दुसऱ्याकडे न्यायची तर मधला दांडा, म्हणजेच प्रॉपेलर शाफ्ट, फिरता फिरता वाकू शकला पाहिजे. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना हे सांधे. प्रत्येक सांध्यात दोन बेचकी, एकमेकांत आडवीतिडवी अडकवलेली, आणि मध्ये अधिकच्या चिन्हासारखा एक क्रॉस. "माणसाच्या मनगटासारखं," मी उत्साहाने म्हणाले. "मनगट गोल गोल फिरवून दाखवा," साहेब म्हणाले. मी फिरवायला गेले, पिळवटून परत आणलं.

पुढचे कित्येक महिने मी क्रॉस काढत होते. ड्रॉइंग बोर्डावर क्रॉस, डोळे मिटले तरी क्रॉस. साहेब लाल पेन्सिलीने शेरे मारायचे आणि ते शेरे मला अजून पाठ आहेत. एका ठिकाणी मी पाना फिरवायला जागा न ठेवता बोल्ट दाखवला होता. तिथे त्यांनी लिहिलं होतं, "हा कोण घालणार? आपण की परमेश्वर?" दुसऱ्या एका चित्रात बेरिंगला ग्रीस जायला भोकच नव्हतं. तिथे फक्त "उपास?" असं लिहिलं होतं.

या सांध्यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट मला कळायला फार वेळ लागला. सांधा वाकलेला असला की तो एकसारखा फिरत नाही. तुम्ही एका बाजूने अगदी संथपणे फिरवा, दुसरी बाजू प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. हे मला गणितात येत होतं, पण पटत नव्हतं. शेवटी साहेबांनी एक छोटा शाफ्ट माझ्या हातात दिला, दुसऱ्या टोकाला कागदाचा बाण चिकटवला आणि हळू फिरवा म्हणाले. मी फिरवला. बाण दोनदा धावला, दोनदा रेंगाळला. मी पुन्हा फिरवला. बाणाने पुन्हा तेच केलं.

"मग ट्रक सरळ चालतो कसा?" मी विचारलं.

"दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा असतो. पहिला जेवढी चूक करतो तेवढीच तो उलटी करतो. दोघांचे कोन सारखे असले की बाहेरच्याला काही कळत नाही." एवढं बोलून त्यांनी विचारलं, "आपलं लग्न झालंय का?"

मी नाही म्हणाले.

"मग पूर्ण समजणार नाही," साहेब म्हणाले आणि आपल्या खोलीत निघून गेले. त्यांना ते कसं समजलं होतं, हे विचारायची हिंमत विभागात कोणालाच नव्हती.

पुढच्या वर्षी त्यांनी मला पहिलं पूर्ण काम दिलं. गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आपला एक ट्रक लांब केला होता आणि त्याला लांब शाफ्ट हवा होता. मी तो काढला. साहेबांनी तपासला, लाल पेन्सिलीचा शेरा न मारता सही केली आणि मी घरी जाताना चितळ्यांच्या नव्हे, पण त्याच रस्त्यावरच्या एका दुकानातून अर्धा किलो बर्फी घेऊन गेले. आत्याने पेढे का नाहीत म्हणून विचारलं, पण खाल्ली.

ट्रक रस्त्यावर गेले आणि तक्रारी यायला लागल्या. एका ठराविक वेगाला ट्रक थरथरतो, सीटखालून मुंग्या येतात, असं मालक लोक म्हणत होते. गाडीवाल्या कंपनीचं म्हणणं, दोष शाफ्टचा. साहेबांचं म्हणणं, दोष त्यांच्या चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा. माझं म्हणणं कोणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

कंपनीने एक ट्रक आमच्याकडे पाठवून दिला. त्यात वाळूची पोती भरायची, कात्रजचा घाट चढून बोगद्यापलीकडे खेड शिवापूरपर्यंत जायचं, तीच पोती घेऊन परत यायचं, असा आमचा क्रम सुरू झाला. थरथर मोजायचं यंत्र परदेशातून मागवलेलं होतं, पण ते कुठल्यातरी परवानगीसाठी मुंबईत अडकलं होतं. तोवर यंत्राचं काम माणसांनी करायचं. केबिनमध्ये बसायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे.

या पद्धतीत एक अडचण होती, ती म्हणजे माणसं. स्टोअरकीपर दरवेळी दहापैकी दहा द्यायचे, कारण त्यांना घाटातली हवा आवडायची. आमचे ड्रायव्हरचाचा नऊ द्यायचे. ते भवानी पेठेतले, त्यांच्या घरात तीन पिढ्या मोटारींचं काम, आणि ट्रकमध्ये इतकी वर्षं काढल्यामुळे त्यांना थरथर जाणवणंच बंद झालं होतं. ते म्हणायचे, "मॅडम, खरं सांगू, मी घरी खुर्चीवर बसलो ना, तर उलटं चुकल्यासारखं वाटतं." साहेब सगळ्यालाच सहा द्यायचे. कॅन्टीनच्या उसळीलाही ते सहाच द्यायचे. आणि मला तर ट्रक सुरू व्हायच्या आधीपासून थरथर जाणवायची, कारण शाफ्ट माझा होता.

त्याच सुमाराला एके दिवशी मला ऑफिसला जायला उशीर झाला. आत्याला डोळे तपासायला डेक्कनला न्यायचं होतं, पाऊल मुरगळल्यामुळे तिला चालवत नव्हतं, म्हणून रिक्षा केली. आत्याला गाडी लागते. म्हणजे साधी लागत नाही, आमच्या घराण्यात तो एक वेगळाच विषय आहे. ती पेठांमधून सगळीकडे पायी फिरायची, पर्वतीही चढायची, पण चाकावर बसली की संपलं. त्या दिवशी अलका चौकापर्यंतही आम्ही पोचलो नाही. सगळं निस्तरून मी ऑफिसला पोचले आणि साहेबांना खरं कारण सांगितलं.

मला वाटलं, आता काहीतरी कुजकट ऐकावं लागणार. पण साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. प्रत्येक गाडीत होतं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. कमी-जास्त होतं का? मी आठवून सांगितलं की होतं. नव्या रिक्षात थोडा वेळ टिकते, जुन्यात अजिबात नाही. साहेबांनी कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "रविवारी मी आपल्याकडे येतो."

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. दार आत्याने उघडलं. एका नारायण पेठेतल्या माणसाची आणि एका सदाशिव पेठेतल्या बाईची ती भेट मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहिली. आत्याने पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

"आपल्याला गाडी लागते, असं कळलं," साहेब म्हणाले.

"कळलं ते बरोबर आहे. पण त्यासाठी इतक्या लांब यायचं कारण नव्हतं."

"मला त्याचा उपयोग करून घ्यायचाय."

"आजपर्यंत कोणाला झालेला नाही," आत्या म्हणाली.

साहेबांनी मग तिला सगळं समजावून सांगितलं. सांधे, कोन, वाळूची पोती, मुंबईत अडकलेलं यंत्र. आत्या वर्गात मुलीचं उत्तर ऐकावं तशी ऐकत होती. मध्येच तिने एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर साहेबांना दोनदा द्यावं लागलं. शेवटी तिने अटी घातल्या. खिडकीची जागा. केबिनमध्ये कोणी सिगारेट ओढायची नाही. दिवेलागणीच्या आत घरी सोडायचं. आणि तिला काही झालं, तर कोणी हसायचं नाही.

"हसणार कोण?" साहेब म्हणाले. "आम्ही त्याचीच वाट बघणार."

यावर आत्या उठली आणि चहा टाकायला आत आली. मला म्हणाली, "तुझा साहेब बरा आहे."

ठरलेल्या दिवशी ट्रक टिळक रस्त्यावर येऊन उभा राहिला. सोसायटीतले निम्मे लोक गॅलरीत होते. आत्या एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने दांडा धरून केबिनमध्ये चढली. ड्रायव्हरचाचांनी पुढच्या काचेला सुतळी बांधून तिच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या टांगल्या होत्या, दाराला तोरण लावावं तशा. सीटकव्हर त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं होतं आणि त्यावर वर्तमानपत्राचे दोन थर पसरले होते. त्यांनी आत्याला फार नम्रपणे विचारलं, आधी काही खूण वगैरे कळते का. आत्या म्हणाली, "मी बोलायची बंद झाले की समजा." चाचांनी मान हलवली आणि मनातल्या मनात काहीतरी म्हटलं. दुआ असावी.

साहेब आणि मी मागच्या बाकावर बसलो. ट्रक स्वारगेटवरून निघाला. आत्या बोलत होती. कात्रजची डेअरी मागे पडली, आत्या बोलत होती. घाट सुरू झाला. प्रत्येक वळणावर साहेब पुढे वाकून "काही?" असं विचारायचे आणि आत्या "नाही" म्हणायची. बोगद्यात शिरलो तेव्हा ती थोडी थांबली, तसे चाचा ताठ बसले आणि साहेबांनी घड्याळ काढलं. पण ती आवळासुपारीची डबी शोधत होती. बोगद्याच्या पलीकडे गेल्यावर तिने सगळ्यांना आवळासुपारी दिली.

शिवापूरला पोचलो तेव्हा आत्या म्हणाली, "मला भूक लागलीय."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आत्या मात्र हरखून गेली होती. उभ्या जन्मात तिला एवढा प्रवास पहिल्यांदाच सोसला होता. ट्रक ही फारच चांगली गाडी आहे आणि लोक उगाच मोटारी घेतात, असं तिचं मत झालं. चाचांनी हळूच मला विचारलं, दहापैकी दहा देऊ का.

साहेबांनी त्या दिवशी हार मानली. ट्रकमध्ये काही नाही, तक्रारी करणारे मालक रिकामटेकडे आहेत, असा त्यांनी निर्णय दिला. ही शेवटची फेरी म्हणून वाळूही परत न्यायची नाही असं ठरलं. शिवापूरजवळ कंपनीच्या ओळखीच्या कंत्राटदाराचं बांधकाम चालू होतं, तिथे पोती उतरवली. आम्ही झाडाखाली भाकरी खाल्ली आणि रिकामा ट्रक घेऊन परत निघालो.

शिवापूरपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत रस्ता सरळ. चाचांनी वेग घेतला. आत्या तिच्या शाळेतल्या कुठल्याशा सहलीची गोष्ट सांगत होती. मुली टेकडीवर पोचल्या होत्या आणि डबे उघडणार होत्या. गोष्ट तिथेच थांबली.

आधी आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. मग चाचांनी शेजारी बघितलं आणि काही न विचारता ब्रेक दाबला. आत्या उतरली, मैलाच्या दगडाजवळ गेली आणि पुढचं मी सांगत नाही. तोरणाचा उपयोग झाला नाही, पण सीटकव्हर वाचलं.

साहेब तिच्या मागोमाग उतरले. मला वाटलं, पाणी द्यायला चाललेत. त्यांनी चाचांना मोठ्याने विचारलं, "वेग किती होता?" चाचा म्हणाले, पन्नासच्या अलीकडे. साहेबांनी तो मनाशी घोकला आणि मग आत्याकडे वळून, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात, पुन्हा एकदा बसणार का, असं विचारलं.

"एकदा झालं ते पुरेसं नाही?" आत्या म्हणाली.

"एकदा झालं तर तो योगायोग असू शकतो."

आत्याने चूळ भरली. तोंड पुसलं. चप्पल सारखी केली. मला वाटलं, ही आता इथून चालत सदाशिव पेठ गाठणार. पण ती म्हणाली, "मुलींना मीही प्रयोग पुन्हा करायला लावायचे," आणि पदर खोचून केबिनमध्ये चढली.

चाचांनी सावकाश चालवला, तिला काही झालं नाही. वेग पन्नासच्या जवळ आणला, ती गप्प झाली. अजून वाढवला, तशी तिला जरा बरं वाटायला लागलं. साहेब लहान मुलासारखे खूश झाले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघताय काय? खाली उतरा आणि कोन मोजा."

मी सलवार-कमीजवर ट्रकखाली शिरले. पाठीखाली मुरूम, डोक्यावर माझाच शाफ्ट. आणि पडल्या पडल्याच मला ते दिसलं. मागचे कमानपाटे, म्हणजे ट्रकच्या पोलादी स्प्रिंगा, जे वाळूच्या भाराखाली सपाट झालेले असायचे, ते आता रिकाम्या गाडीत फुगून वर आले होते आणि त्यांनी अॅक्सलचं तोंडही फिरवलं होतं. कोनमापक लावून बघितला. पुढच्या सांध्याचा कोन आणि मागच्या सांध्याचा कोन यांचं आता पटत नव्हतं. भरल्या गाडीत एकाची चूक दुसरा निस्तरायचा. रिकाम्या गाडीत दोघं आपापली चूक करत होते.

आम्ही आजवर तो ट्रक रिकामा कधी चालवलाच नव्हता. ट्रक ओझं न्यायला असतो, तेव्हा त्याची परीक्षा ओझ्यासकटच घ्यायची, असं साहेबांचं म्हणणं होतं आणि मलाही ते पटलं होतं. माल टाकून ट्रकला घरी परतावंही लागतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा साहेब रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकत होते. मग म्हणाले, अॅक्सल आणि कमानपाटे यांच्यामध्ये तिरपी पट्टी बसवावी लागेल. मी विचारलं, म्हणजे काय. "म्हणजे पाचर. एवढी वर्षं शिक्षण घेऊन शेवटी आपण पाचरच मारणार."

त्या पाचरीचं डिझाईन मी केलं आणि तिने मला आख्ख्या शाफ्टपेक्षा जास्त शिकवलं. रिकाम्या गाडीसाठी कोन जुळवले की भरल्या गाडीत बिघडायचे. भरलीसाठी जुळवले की रिकामीत. मला दोन्हीकडे शून्य फरक हवा होता आणि त्यासाठी मी कागदामागून कागद खराब केले. साहेब एकदा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "दोन्हीकडे थोडं थोडं चुकवा. कोणाला कळणार नाही इतपत." मला ते लबाडीचं वाटलं. पण तेच करावं लागलं, आणि पुढे तीसेक वर्षं मी बहुतेक वेळा तेच करत आले.

पाचर बसवलेला ट्रक घेऊन दुसरी फेरी निघाली तेव्हा आत्याला बोलवावं लागलं नाही. ती तयारच होती. दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती, त्यात चाचांचा वाटाही होता. त्यांनी यावेळी पिशव्या टांगल्या नव्हत्या. सीटवर घरची धुतलेली चादर घातली होती. पण एक पिशवी त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती, ती मी पाहिली.

रिकामा ट्रक पन्नासच्या आसपास नेला. आत्या बोलत राहिली. मागच्या वेळची सहलीची गोष्ट तिने पहिल्यापासून सांगितली आणि मुलींनी डबे उघडून खाल्लेही. परत आल्यावर साहेबांनी विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, किंचित. किंचित म्हणजे दहापैकी किती, असं त्यांनी विचारलं.

"सात," आत्या म्हणाली. "आठ मी माझ्या वर्गात कोणालाच दिले नाहीत."

साहेब त्या सातांवर इतके खूश होते की दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅन्टीनच्या उसळीला साडेसहा दिले.

ते परदेशी यंत्र पुढच्या उन्हाळ्यात आलं. त्याच्याबरोबर आलेल्या तरुणाने पाचर काढलेल्या ट्रकमध्ये ते बसवून कागदावर रेघ काढून दाखवली. पन्नासच्या अलीकडे रेघेला छान उंचवटा आला. साहेबांनी तो बघितला आणि यंत्राला एवढा वेळ का लागतो, असं विचारलं. त्या तरुणाला प्रश्न कळला नाही.

मला मात्र तेव्हापासून एक वाईट सवय लागली. रस्त्यावर ट्रक दिसला की मी वाकून त्याच्या पोटाखाली बघायची. स्वारगेटच्या सिग्नलला, लक्ष्मी रस्त्याच्या कोपऱ्यावर, कुठेही. काही पडलंय का, असं लोक विचारायचे आणि दोघे-चौघे माझ्याबरोबर वाकून शोधायलाही लागायचे. आत्या बरोबर असली तर चार पावलं पुढे जाऊन, माझी ओळख नसल्यासारखी, दुकानाच्या पाट्या वाचत उभी राहायची.

एकदा संध्याकाळी आम्ही दोघी सारसबागेकडून चालत येत होतो. एक रिकामा लांब ट्रक सिग्नलला थांबला. मी एक गुडघा टेकून वाकले. कमानपाट्यांखाली पाचर होती, नवीन, अजून रंग न उडालेली. हिरवा दिवा लागला आणि शाफ्ट फिरायला लागला, आधी बेचकी वेगवेगळी दिसत होती, मग ती एकमेकांत मिसळून नुसता एक करडा पट्टा उरला. ट्रक गेला तरी मी तशीच वाकून होते. मग सरळ झाले आणि आत्याला गाठून सांगितलं की तो आपला होता.

"असू दे," आत्या म्हणाली. "गुडघ्याला धूळ लागलीय, ती झटक आधी."